जमादाराला मागितलेला बोजारा

धुरपताबाईंच्या पत्राला मी पंचवीस वर्षं उत्तर दिलं नाही. ते हरवलं असतं तर सुटलो असतो, पण मी वस्तू हरवणारा माणूस नाही. पत्र जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि त्या कोशाला हात लावायचं मी टाळत आलो होतो.

१९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मी गावच्या इतिहासाची बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली. मी शाळेत मास्तर होतो, वाचनालय सांभाळत होतो आणि चारचौघांत बोलता येत नव्हतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. अकराव्या पानावर बेचाळीसची हकीकत होती. गावातल्या तिघांनी चावडीवर तिरंगा चढवला, पोलीस आले तेव्हा भरलेला तलाव पोहून जंगल गाठलं. त्या तिघांतले खुशाल म्हणजे माझे वडील. पोहण्याची गोष्ट त्यांनीच सांगितलेली. मी तिच्यात लाटा आणि विजा घातल्या.

दोन महिन्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून पत्र आलं. धुरपताबाई आमच्या गावच्या लेक, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. साठी उलटल्यावर साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या होत्या. अक्षरं बोराएवढी, चार ओळींत पान संपलेलं:

'गुरुजीले नमस्कार. पुस्तक वाचलं. माह्या मायचं नाव काऊन नाही? तुमचा बाप पोहून नाही गेला. माह्या मायच्या लुगड्यात गेला.'

वडील तेव्हा नुकतेच गेले होते. मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ते लुगडं मीच धुतलं आणि धुरपताच्या आईच्या, रुख्माच्या घरी नेऊन दिलं. इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, कोणी विचारलं नाही.

मग खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. भाताच्या रोवण्याचा, म्हणजे लावणीचा, शेवटचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी रोवणाऱ्या बाया धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्याला अडवतात, चिखल लावतात आणि बोजारा, म्हणजे खुशीची बक्षिशी, मागतात. बायांचा जथा रुख्माबाईंचा होता. त्यांनी तिघांना लुगडी नेसवून ओळीत वाकून उभं केलं. पोलिसांचा जमादार त्या भाताच्या बांधीजवळ आला तेव्हा त्या स्वतः धुऱ्यावर चढल्या, त्याच्या तोंडाला चिखल फासला आणि बोजारा मागितला. तो भडकला. काठीने त्यांचा उजवा हात असा मोडला की पुन्हा त्यांनी रोप लावलं नाही. तेवढ्यात तिघं पलीकडच्या धुऱ्यावरून निघून गेले. गावाने पुढे ती मस्करी म्हणूनच लक्षात ठेवली: रुख्मानं जमादाराला बोजारा मागितला आणि मार खाल्ला. त्या मस्करीला लढा कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

खरं म्हणजे मला लहानपणापासून कळायला हवं होतं. वडील तलावात कधी गुडघ्यापलीकडे उतरले नाहीत. काठावर बसून तांब्याने अंघोळ करायचे.

उत्तराचे कितीतरी मसुदे मी फाडले. पुस्तिका वाटून झाली होती. वडिलांना खोटं कसं ठरवायचं, एकट्या आईच्या सांगण्यावर इतिहास कसा बदलायचा, अशी कारणं मला भरपूर सुचली. पुस्तकं वाचणाऱ्याला कारणांची कमी नसते.

यंदा स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली. ग्रामपंचायतीने शिळा बसवायचं ठरवलं. ग्रामपंचायतीचे सदस्य गजेंद्र माझी पुस्तिका घेऊनच घरी आले. कुडव्याचा कारागीर मंगळवारी अक्षरं कोरायला घेणार होता. तीन नावं आणि खाली ओळ, 'भरला तलाव पोहून गेलेले वीर'. मी फक्त हो म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

त्यानंतर मला बसवेना. अंगणात फेऱ्या मारल्या, चहा घेतला तो गार झाला, वाचनालयाचं कुलूप दोनदा उघडून लावलं. कागदावरची चूक खोडता येते, पुस्तिका वाळवी खाते. दगडाचं काय करायचं? शेवटी शब्दकोश काढला, पत्र खिशात घातलं आणि सोमवारी सभेला गेलो.

बोलायला उभा राहिलो आणि खिशातलं पत्र उघडलं. तेच वाचून दाखवलं. आईचं म्हणणं सांगितलं. कोणीतरी मागे हसलं.

गजेंद्र म्हणाले, "गुरुजी, पंचवीस साल चूप काऊन राहिले?"

मी म्हटलं, भीती वाटत होती.

छोटेलाल मात्र तापले. तिघांतले हिरालाल त्यांचे वडील. वीरांना लुगडं नेसवून शिळेवर बसवता का, नातवंडं शाळेत तोंड कसं दाखवतील, असं बरंच बोलले. त्यांचा राग मला समजत होता, कारण तोच माझ्यात होता. शेवटी म्हणाले, "अन् रुख्मानं का केलं? बोजाऱ्यासाठी मार खाल्ली. देशासाठी नाही."

सरपंच दुर्गेश्वरीबाई सकाळीच रोवण्यावरून आल्या होत्या, नखांत चिखल तसाच होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मामाजी, बंदूकवाल्या जमादाराले बोजारा मागाले कोण जाते? तुमी गेले असते?"

छोटेलालांनी खुर्ची सरकवली, पण उठले नाहीत. टोपी काढून हातात फिरवली. मग गजेंद्रकडे न पाहता म्हणाले, लिहा, पण लुगड्याचं नका लिहू. ठरलं ते असं: चार नावं, पहिलं रुख्माबाईंचं, तलावाची ओळ काढून टाकायची. लुगड्याचा उल्लेख राहून गेला. माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं, आणि त्याची खंत अजून आहे.

सभा उठल्यावर दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं, धुरपताआजींना कळवलं का. मी चमकलो. त्या हयात असतील, असं मनात आलंच नव्हतं. दुर्गेश्वरीबाईंचं माहेर गोरेगावचं. म्हणाल्या, नव्वदी झाली, कान पार गेले, कोणी कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही. "पण मोठ्या अक्षरात लिहून देल्लं का वाचते बुढी."

घरी येऊन लिहायला बसलो. पहिलं पत्र तीन पानांचं झालं, माफीच दोन पानं. ते फाडलं. दुसरं बारीक अक्षरात होतं, तेही फाडलं. मग पहिलीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो तसं, बोराएवढ्या अक्षरात लिहिलं:

'धुरपताबाईंना नमस्कार. तुमचं खरं आहे. माझे वडील तुमच्या आईच्या लुगड्यात वाचले. मला माहीत होतं, मी लिहिलं नाही. शिळेवर पहिलं नाव रुख्माबाईंचं आहे. उत्तराला उशीर झाला.'

कामठ्याला जाणाऱ्या गजेंद्रच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दोन्ही बाजूंनी बाया बांध्यांत वाकल्या होत्या. एका धुऱ्यावरून तिघीचौघींनी हात करून गाडी थांबवली, गजेंद्रच्या गालाला आणि माझ्या सदऱ्याला चिखल लावला, बोजारा मागितला. मी खिशातली नोट दिली. पत्राचं पाकीट चिखलापासून वाचवायला डोक्यावर धरलं होतं, ते पाहून बाया खूप हसल्या.

कामठ्याला डाकघराच्या पेटीत पाकीट टाकलं. पाकिटावर माझ्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा उमटलाच होता. तो पुसायचा राहिला.