पाहुआची मोगरी

पाहुआच्या पडवीत पटाशीवर मारायच्या तीन मोगऱ्या टांगलेल्या असत. तिन्ही सुरूच्या लाकडाच्या, त्यानेच घडवलेल्या. आजारपणानंतर उजव्या हातात जोर राहिला नव्हता, तरी रोज सकाळी तो सगळ्यांत जड मोगरीच उचलायचा. बेटावरच्या त्या खोऱ्यात प्रत्येक कारागिराचा ठोका लोकांना ओळखू येई, आणि पाहुआचा ठोका म्हणजे त्या मोगरीचाच. हलकी मोगरी घेतली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला असता.

लेकीच्या नव्या घरासाठी तो टिकी, म्हणजे पूर्वजाचा लाकडी पुतळा, कोरत होता. पोट कोरून झालं होतं, पोटावर टेकलेले हात झाले होते, आता डोळे राहिले होते. हा टिकी अर्धा सुटला तर म्हातारा पुन्हा पटाशीला हात लावणार नाही, हे त्याची बायको अपेकुआ पक्कं जाणून होती, आणि त्याच धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. पण 'लहान मोगरी घे' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर दोन दिवस अबोला.

मग तिने आपला मार्ग काढला. दुपारी नीरफणस आणि मासे खाऊन तो घोरायला लागला की ती कानस घेऊन ती जड मोगरी थोडी घासून हलकी करायची. ताजं लाकूड दिसू नये म्हणून खोबरेल आणि काजळी चोळायची, भुसा चुलीत टाकायची.

"हात सुधारतोय बघ," तो खुशीत सांगायचा.

"सुधारणारच," ती म्हणायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. कारण हात काही सुधारत नव्हता, मोगरीच झिजत चालली होती.

डोळे कोरायच्या दिवशी पाहुआने जीपच्या जुन्या कमानपाट्यापासून बनवलेली बारीक गोल पटाशी निवडली. मोगरी मात्र हातात फिरवत बसला.

"म्हातारे, आणखी घासलीस तर हिचा चमचा होईल."

अपेकुआच्या हातातला नारळ तसाच राहिला. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आवाज बदलला की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चोरून एवढी खपत होतीस. काम टाकून बसायची लाज वाटली." त्याने मधली मोगरी काढून तिच्या हातात दिली. "पटाशी मी धरतो. मार तू."

"डोळा वाकडा होईल रे."

"झाला तर होऊ दे. आईवर गेलाय म्हणून सांगू पोरीला."

ती हसली, रडली, आणि मग मोगरी उचलली. पहिला ठोका घाबरत पडला. दुसऱ्याला पटाशी लाकडात शिरली.

खालच्या घरातला शेजारी अंगणात येऊन कान देऊन उभा राहिला. असा ठोका त्याने कधी ऐकला नव्हता. "पाहुआ, कोण मारतंय रे?" त्याने खालूनच विचारलं.

पाहुआने पटाशीवरची नजर हलवली नाही.

"आम्ही," तो म्हणाला.