उजव्या पायाचं माप

ताईचं पहिलं माप मी घेतलं तेव्हा तिची मांडी होती एकोणीस इंच आणि पोटरी तेरा. टपालखात्यात लागून तिला आठवडा झाला होता. खात्यानं निळं कापड दिलं होतं, शिलाई ज्याची त्यानं बघायची. मी तेव्हा मास्तरांच्या हाताखाली काजं-बटणं संपवून नुकता पँट कापायला लागलो होतो. "बिघडवलीस तर तुझी पँट घालून जाईन आणि तुला घरी बसवीन," असा दम देऊन माझी ही थोरली बहीण टेबलापुढे उभी राहिली. मी बिघडवली नाही. पण सहा महिन्यांत तीच पँट मांडीत टरकन उसवली.

"काय शिवलंस रे हे? भर रस्त्यात लाज गेली असती!" म्हणून ती तणतणत दुकानात आली. मी टेप लावली. मांडी सव्वावीस. कंबर जागच्या जागी, अठ्ठावीस. मी म्हटलं, "माझ्यावर कशाला खेकसतेस? पँट तीच आहे. पाय तू दुसरे आणलेस."

तिचा रोजचा फेरा बावीस किलोमीटरचा. मागे टपालाची थैली, पुढे पार्सलं, आणि मधे पाण्याच्या टाकीचा तो दुष्ट चढ. सायकलीनं पाय कसा बदलतो हे मला कुणी शिकवायला येऊ नये. लोकांना वाटतं, पाय सगळीकडून सारखा जाडा होतो. डोंबल! आधी तो थोडा उतरतो, नरम मांस जातं. मग मांडी पुढून भरायला लागते. गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, कणकेच्या गोळ्याएवढा एक उंचवटा येतो. पोटरी वर सरकते आणि घोटा होता त्याहून बारीक दिसतो. कंबर मात्र हलत नाही. म्हणून सायकलवाल्याला तयार पँट कधी बसत नाही. मांडीत बसली तर कमरेत दोन मुठी जातात. मग येतात झक मारत माझ्याकडे.

ताईची मांडी पाचव्या वर्षी साडेबावीस झाली, दहाव्या वर्षी चोवीस, आणि नंतर साडेचोवीसवर येऊन थांबली ती कित्येक वर्षं. आईला त्या पायांची भारी धास्ती. "पोरीची जात आणि हे खांब! कोण पत्करणार हिला?" ताई म्हणायची, "जो पत्करेल त्याला डबलसीट नेईन." लग्न झाल्यावर दाजींना खरोखरच तिनं टाकीच्या चढावरून डबलसीट नेलं. दाजी वर पोचेपर्यंत डोळे मिटून बसले होते असं ती सांगायची, आणि दाजी नाही म्हणायचे नाहीत. खात्यातल्या बाकीच्यांनी एकेक करून मोटारसायकली घेतल्या. ताईनं घेतली नाही. मला तिचा अभिमान होता. तोंडावर कधी म्हटलं नाही, पण गिऱ्हाइकांना सांगायचो, "या हातानं साडेचोवीसची मांडी शिवली आहे, बाईची."

आता माझ्या धंद्याचं सांगतो. मास्तरांनी मला कात्री देण्याआधी एक वाक्य दिलं होतं: "माप घ्यायचं, मत द्यायचं नाही." कुणाचं पोट सुटतं, कुणाचा एक खांदा पडतो, कुणी आजारानं झडतो. आपण बघायचं, वहीत लिहायचं आणि कापडानं झाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण माणूस शिंप्याकडे "तुम्ही वाळलात हो" हे ऐकायला येतो? तीस वर्षं मी तोंड शिवून धंदा केला. घरी मी बडबड्या, बायको वैतागते. पण टेप गळ्यात पडली की मी मुका. त्यामुळेच लोक माझ्याकडे निर्धास्त उभे राहतात, असं मला वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही माप एकाच पायाचं घेतो. उजव्या. कापड दुमडून अंथरायचं आणि दोन्ही पाय एकदम कापायचे. दोन पाय दोन मापांचे असतील हे आमच्या कात्रीला ठाऊकच नसतं.

वीस महिन्यांपूर्वी ताई नेहमीप्रमाणे नवं कापड घेऊन आली. आमच्या हिच्याशी गप्पा मारत उभी राहिली. मी उजव्या मांडीला टेप लावली तर पावणेचोवीस. म्हटलं, टेप घसरली. परत लावली. पावणेचोवीस. मग हळूच, काही विचारत नाही असं दाखवून, डावीला लावली. साडेचोवीस.

तीस वर्षांत मी तिच्या डाव्या पायाला पहिल्यांदा टेप लावली होती. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं: उ. पावणेचोवीस, डा. साडेचोवीस. खाली तारीख. तोंडानं काही नाही. ती परत हिच्याशी बोलायला लागली.

पाऊण इंचाचं एवढं काय, असं मी मनाशी म्हटलं. पन्नाशी उलटलेली बाई. दोन्ही पाय डाव्याच्या मापानं कापले आणि उजव्या मांडीत आतून अस्तर लावलं, म्हणजे कापड पोकळ पडू नये. पँट घालून ती आरशापुढे फिरली. दोन्हीकडून सारखी! "तुझ्या हाताला तोड नाही," म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सहा महिन्यांनी उजवी तेवीस भरली. अस्तर दुहेरी केलं. त्यानंतर बावीस. गुडघ्यावरचा तो गोळा बोटाला लागेनासा झाला. त्या वेळी ती स्वतःच म्हणाली, "हल्ली टाकीच्या चढावर उतरावं लागतं रे. हातात धरून चढवते."

तोंडाशी आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. पण निघालं काय, तर "झालंच की आता वय!" ती हसली. मी अस्तराच्या आत आणखी एक जाडसर घडी घातली आणि अशा सफाईनं टाके मारले की माझे मलाच सापडले नसते.

शेवटचं माप दोन महिन्यांपूर्वीचं. पावणेएकवीस. डावी अजून साडेचोवीस.

मागच्या आठवड्यात ती पडली. गाडी नाही, खड्डा नाही, सरळ रस्त्यावर भर दुपारी तिचं उजवं पाऊल पॅडलवरून सुटलं आणि परत ठेवता येईना. टपाल रस्ताभर झालं. ते गोळा करून मगच ती दवाखान्यात जायला तयार झाली म्हणे. दाजींना धाप लागते, दोन जिने चढवत नाहीत, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं आणि चक्क टेप काढली. टेप कशी धरायची तेसुद्धा त्यांना येत नव्हतं, खालून सैल, वरून तिरकी. मी हात मागे बांधून गप्प उभा राहिलो. "उजवा पाय बराच वाळलाय," ते म्हणाले. ताई उठून बसली. "वाळलाय? छे! माझे दोन्ही पाय सारखे आहेत. पँट बघा की." डॉक्टरांनी तिला खाली बघायला सांगितलं. दोन्ही पाय उघडे, शेजारी शेजारी. ती बराच वेळ बघत राहिली. घरी साडी, कामावर पँट. एवढ्या उजेडात दोन्ही पाय जोडून कोण बघतं? पाय जागेवर आहेत ना, एवढं पुरतं माणसाला.

पाठीचे फोटो काढले. कण्याजवळ एक गाठ निघाली, पायात जाणारी नस दाबून बसलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. गाठ झपाट्यानं वाढलेली असेल तर मुळासकट काढायला हवी, त्यात नसही जाईल आणि पाय कायमचा लुळा पडेल. हळूहळू वाढलेली असेल तर ती जातीनं गरीब, कॅन्सरची नसलेली, असण्याचा संभव जास्त. तिला नस वाचवून, सोलून काढता येईल. "म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा. पाय बारीक व्हायला कधी लागला?"

"दोन-तीन महिने," ताई म्हणाली. "मागच्या मापापर्यंत काही नव्हतं."

डॉक्टरांनी लिहायला पेन उघडलं. "म्हणजे फार वेगानं."

मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कधीही कळलं नसतं. ताईच्या लेखी मी पहिल्यासारखाच राहिलो असतो, तोड नसलेल्या हाताचा. आणि तिचा पाय गेला असता. हा विचार करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्याचीसुद्धा मला आज लाज वाटते.

"वीस महिने," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहू नका. माझ्याकडे हिच्या मापांची वही आहे. तासाभरात आणतो."

मी वही घेऊन परत आलो आणि टेबलावर उघडून ठेवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पावणेचोवीस, तेवीस, बावीस, पावणेएकवीस. प्रत्येकापुढे डावी साडेचोवीस, प्रत्येकाखाली तारीख. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. मागची पानंही चाळली, पार एकोणीस इंचांपर्यंत. "अहो, अशी नोंद मला आजवर कुठल्या पेशंटनं आणून दिली नाही," ते म्हणाले. "सावकाश वाढलेली आहे, स्पष्ट दिसतंय. नस वाचवायला बघू आपण." माझी पाठ थोपटायचीच काय ती बाकी होती. मग त्यांचं बोट पहिल्या पावणेचोवीसवर थांबलं आणि आवाज जरा उतरला. "हे तेव्हा कुणी दाखवलं असतं तर पाय पुन्हा भरला असता. आता आहे तो वाचेल. गेलेलं परत यायचं नाही. सायकल विसरा."

बाहेर पॅसेजमध्ये बाकावर आम्ही दोघं बसलो. आतून नर्स कागद घेऊन बोलावणार होती. ताईनं वही मांडीवर घेतली आणि एकेक ओळ वाचली, पत्त्यावरचं नाव वाचावं तशी बोट ठेवून. ती आता शिव्या घालणार, असं मला वाटलं. घालाव्यात असंही वाटलं. लहानपणी तिनं मला एकदा पतंगावरून बदडलं होतं, तसं बदडलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"डाव्या पायाचं माप घेतलंस ना, त्याच दिवशी मी घाबरले होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "त्याआधीच पाय जड वाटायचा. रात्री झोपताना वाटायचं, काहीतरी होतंय. पण डॉक्टरकडे जायची भीती वाटायची. म्हटलं, माझा भाऊ आहे ना. अर्ध्या बोटाचा फरक त्याला डोळे मिटून कळतो. काही असलं तर तो बोलेल. दर वेळी मापाला आले की मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू वहीत लिहायचास आणि काही बोलायचा नाहीस. मग मी निवांत घरी जायचे."

मला काही म्हणायचं होतं. मास्तरांचं वाक्य, धंद्याची रीत, वय, अस्तर, सगळं घशाशी आलं आणि त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. मी रडलो. त्या पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडलो. ताई वही मिटून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिनं मला गप्प केलं नाही.

नर्सनं दारातून तिचं नाव पुकारलं. मी डोळे पुसून उभा राहिलो आणि हात पुढे केला. ताईनं त्या हाताकडे पाहिलं. आधी तिनं बाकाची कड धरून उठून पाहिलं, दोनदा. मग माझा हात धरला. धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.