फोटोत न आलेली प्रार्थना

मित्रांनो, मी ढोल आहे. आतून पोकळ आहे आणि ते लपवत नाही. एवढा प्रामाणिकपणा माझ्या आसपास बसणाऱ्या मंडळींत फारसा पाहिला नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मिझोरामच्या डोंगरांत रुआलतुई नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याच्या, पायाशी माझी जागा. पास्टर उपदेशाला उभे राहिले की त्यांचे बूट माझ्या तोंडासमोर असतात. आजवर बरेच बूट पाहिले. चकचकीत बुटांचे उपदेश लवकर विसरले जातात, एवढं माझ्या ध्यानात आलंय.

एका जाड झाडाचं खोड पोखरून मला घडवलं आणि दोन्ही तोंडांवर गाईचं कातडं ताणून बसवलं. कातडं मेलेल्या गाईचं आहे, तरी टिपरू पडलं की त्याला कळतं. समोरच्या बाकांवर काही जिवंत कातडी बसतात, त्यांना कितीही बडवा, ढिम्म. गोरे पाद्री या डोंगरांत आले तेव्हा माझ्या जातीला चर्चचं दार बंद होतं. ढोल वाजला की लोक दारू पितात आणि नाचतात, असं त्यांचं म्हणणं. जशी काही दारू ढोलच पीत होता! पुढे ढोलाशिवाय गाणी फिकी पडायला लागली, तेव्हा आम्हाला आत घेतलं. माफी कुणी मागितली नाही. मोठ्या लोकांची तशी पद्धतच नसते.

माझं काम दोन ठिकाणी. एक रविवारी चर्चमध्ये, आणि दुसरं कुणी गेलं की त्याच्या घरी. आमच्याकडे माणूस गेला की गाव त्या घरी रोज संध्याकाळी जमतं, चहा पितं, गाणी म्हणतं आणि घरच्यांना एकटं बसू देत नाही. मला उचलून तिथं नेतात. खरं सांगतो, मला तेच काम आवडतं. चर्चमध्ये बरेच जण देवाच्या नजरेत भरावं म्हणून गातात. तिथं मात्र शेजारणीचं रडू आवरावं म्हणून गातात, आणि सूर चुकले तरी कुणाला त्याची पर्वा नसते.

आता माणसांकडे वळतो. आमच्या चर्चच्या पंचांना उपा म्हणतात. त्यांतले थोरले उपा बियाकसांगा. गावातलं मोठं दुकान त्यांचं. त्यांची प्रार्थना सुरू झाली की घरोघरी चुलीवरचा भात करपतो. गावातली सगळी बातमीपत्रं ते देवाला वाचून दाखवतात. देवाला हे आधी माहीत नसेल का, असा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही.

आणि पास्टर रोथुआमा. बदली होऊन आले तेव्हा मी त्यांच्यावरही नाक मुरडलं होतं. किडमिडीत अंग, घसा बसलेला, उपदेशात मध्येच खोकला. मला वाटलं, हा माणूस बाकांवरच्या लोकांना हलवणार तो कसला! पण निवडणूक जवळ आली तेव्हा एका रविवारी ते म्हणाले, "पास्टरनं राजकारणात पडू नये असं तुम्ही म्हणता. नाही पडत. पण मत विकणारा माणूस नुसतं मत विकत नाही, शेजाऱ्याचा रस्ता विकतो, शेजाऱ्याची शाळा विकतो. ते मी पाहायचं आणि गप्प बसायचं, याला मी भक्ती म्हणत नाही." बाकांवर माना डोलल्या. डोलायला काय लागतं!

निवडणुकीत चर्चची माणसं लक्ष ठेवतात, याचा आमच्या भागात मोठा अभिमान. सगळ्या उमेदवारांनी एकाच मांडवात बोलायचं, जेवणावळी घालायच्या नाहीत, घरोघर हिंडायचं नाही, आणि कुणा पास्टरनं कुणा उमेदवाराला जाहीर आशीर्वाद द्यायचा नाही. नियम चांगले आहेत. पण पुढचं दार बंद केलं की मंडळी मोरीच्या दारानं येतात, हे नियम करणाऱ्यांना कोण सांगणार?

पावसाळा सरता सरता डोंगराची एक बाजू खाली आली आणि गावाचा रस्ता तिच्याखाली गेला. त्याच आठवड्यात पी दारखुमीच्या (पी म्हणजे श्रीमती) नवऱ्याच्या पोटात असह्य दुखायला लागलं. त्याला बांबूच्या खुर्चीत बसवून पोरांनी दरडीवरून उचलून नेलं. दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही. खुर्ची वाटेतूनच परत आली.

मला दारखुमीच्या घरी नेलं. तिथं तिची लेक मोईतेई भिंतीला टेकून बसायची. दिवस भरत आलेले, नवरा फौजेत, दूर. तिला आधीच्या खेपेला फार जड गेलं होतं आणि मूल हाती लागलं नव्हतं. यंदा दवाखान्याशिवाय भागणार नाही, हे गावातल्या बायका दारखुमीच्या समोर बोलत नव्हत्या, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. रस्ता तर बंद.

अशा घरात एका संध्याकाळी पू झामलोवा हजर झाले. पू म्हणजे श्रीयुत. हे आमच्या मतदारसंघातले उमेदवार. दरड चालत ओलांडून आले होते, आणि तसं त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. गेलेल्या माणसाचं नाव त्यांनी वाटेत कुणालातरी विचारून घेतलं होतं, तरी चुकवलंच. घरोघर हिंडायला बंदी, पण दुःखाच्या घरी येणाऱ्याला आमच्यात कुणी अडवत नाही. मोरीचं दार म्हणालो ते हेच. त्यांनी दारखुमीला उंची विणीचं वस्त्र दिलं, माझ्याजवळ बैठक मारली, वाजवणाऱ्याच्या हातातून टिपरू घेतलं आणि मला बडवायला लागले. गाणं एकीकडे, टोला भलतीकडे. सोबतचा माणूस मोबाइलवर फोटो काढत होता. माझ्या आयुष्यात इतका अपमान नाचणाऱ्या दारुड्यांनीही केला नसेल.

मग दाराशी येऊन ते पास्टरना आणि बियाकसांगांना हळूच म्हणाले की आपल्या मेव्हण्याकडे माती काढायचं यंत्र आहे. रविवारी उपासनेत पास्टरनी आपल्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, की सोमवारी यंत्र दरडीवर.

पास्टर नाही म्हणाले. बियाकसांगा भडकले. त्यांचं म्हणणं, हात ठेवायला पैसा पडतो का? देव सगळ्यांनाच आशीर्वाद देतो, मग याच्याच वेळी कद्रूपणा कशाला? दुकानातला माल संपत आला होता हे ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दुपारी पास्टर दारखुमीकडे येऊन बसले. घरात आम्ही तिघंच, म्हणजे ते दोघं आणि कोपऱ्यात मी. दारखुमीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग तीच म्हणाली, "ठेवा की हात त्याच्या डोक्यावर."

पास्टर म्हणाले, "पी, आज ठेवला तर पुढच्या निवडणुकीला हे लोक कुणीतरी मरायची वाट बघत बसतील."

"पुढचं पुढच्या वेळी. माझ्या पोरीचे दिवस या महिन्यात भरतायत." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवरा गेला तो गेला. देवापुढे तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी पोरगीही देऊ का?"

चहा तसाच टाकून पास्टर उठले. मला त्यांची कीव आली, आणि थोडा रागही. उपदेश करणं सोपं असतं बाबा!

सकाळी कळलं की पास्टर फावडं घेऊन दरडीवर गेलेत. एकटेच. खोकत खोकत डोंगर उपसायला निघालेला माणूस! बियाकसांगा दुकानाच्या पायरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. मीही मनात हसलो. पण आमच्या लोकांची एक खोड आहे. दुसऱ्यासाठी कुणी राबत असताना आपण घरात बसलो, ही गोष्ट त्यांना झोपू देत नाही. लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांना नरकापेक्षा मोठी. दुपारपर्यंत चार पोरं गेली, मग बायका गेल्या, मग सगळं गाव. श्रद्धेनं गेले असं मी म्हणणार नाही. लाजेनं गेले. पण माती लाजेनं उपसली तरी उपसली जाते. दारखुमी सुतकाची चादर कमरेला गुंडाळून टोपली वाहत होती. हातांना लय मिळावी म्हणून मला दरडीवर नेलं. चर्चची वस्तू चिखलात कशी नेता, म्हणून बियाकसांगांनी हरकत घेतली. ती कुणी ऐकली नाही, तेव्हा तेही फावडं घेऊन आले आणि फोटो निघेपर्यंत थांबले.

आणि गाडी जाईल एवढा रस्ता निघाला. शनिवारी चर्चच्या अंगणात सगळ्यांनी मिळून डुकराचं मांस आणि भात शिजवला. मीही अंगणात होतो. नव्या रस्त्यावरून पहिली गाडी कुणाची आली असेल, सांगा बघू? पू झामलोवांची. उतरले ते हात जोडत, जसा काही डोंगर त्यांनीच बाजूला सारला. आणि लोक उभे राहिले! ज्यांच्या तळव्यांना फोड आले होते तेच लोक खुर्ची पुसून द्यायला धावले. मला त्या क्षणी गावाची शिसारी आली.

पंगत चालू असतानाच मोईतेईला कळा लागल्या. चांगल्या नव्हत्या. बायकांचे चेहरे पाहून मला कळलं. गावातली जीप दरडीमुळे तालुक्याला अडकलेली, तिला यायला संध्याकाळ झाली असती. अंगणात उभी होती ती एकच गाडी, झेंडा लावलेली.

पास्टर झामलोवांकडे गेले. किल्ली मागितली. झामलोवा हसले. नाही म्हणाले नाहीत, तेवढे ते हुशार आहेत. म्हणाले, "गाडी आपलीच आहे, पास्टर. पण निघण्याआधी एक प्रार्थना होऊ दे. शुभकार्याला निघतोय." आणि सगळ्यांसमोर डोकं वाकवून उभे राहिले. सोबतच्या माणसानं मोबाइल वर धरला.

मोईतेईला बायकांनी चर्चमध्ये नेलं होतं. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. दारखुमी दाराशी उभी होती.

पास्टरनी झामलोवांच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. बसलेल्या घशानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "प्रभू, मोईतेईला सांभाळ. तिच्या पोटातल्या बाळाला सांभाळ. ही गाडी वाटेत कुठं थांबू देऊ नकोस. आमेन." बस्स. ज्याच्या डोक्यावर हात होता त्याचं नाव त्यात कुठं नव्हतं. झामलोवांनी डोकं वर केलं तेव्हा त्यांचा पडलेला चेहरा पाहण्यासारखा होता. पण फोटो निघाला होता, आणि फोटोला आवाज नसतो.

गाडी वेळेत पोचली. मुलगा झाला. आई सुखरूप.

तो फोटो मात्र मतदानाच्या आधी डोंगरातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. चर्चच्या वरच्या समितीची माणसं चौकशीला आली. पुढच्या बाकावर बसून त्यांनी विचारलं, हात ठेवला की नाही? पास्टर म्हणाले, ठेवला. आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. ते म्हणाले की नियम मोडला आहे, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा मोडीन. मग समितीनं गावाला विचारलं. मित्रांनो, ती प्रार्थना सगळ्या अंगणानं ऐकली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. झामलोवा निवडून येणार हे एव्हाना दिसत होतं, आणि आमदाराशी वाकडं कोण घेणार? बियाकसांगा तर म्हणाले की फोटोत दिसतं ते खरंच आहे, आणि आपल्याला त्याचं फार दुःख झालं. हात ठेवा म्हणून जीव खाणारा हाच माणूस! दारखुमी तेव्हा लेकीपाशी दवाखान्यात होती. मी तिथंच होतो, पण कुणी मारल्याशिवाय ढोलाला बोलता येत नाही. त्या दिवशी मला माझ्या जातीची पहिल्यांदा लाज वाटली.

पास्टर रोथुआमांची बदली झाली. ज्या रस्त्यासाठी हात सोलले त्याच रस्त्यानं त्यांचं सामान गेलं. झामलोवा निवडून आले. आमच्या गावातून त्यांना भरभरून मतं पडली.

मग एका रविवारी दारखुमी चर्चमध्ये आली. मांडीवर नातू, शेजारी मोईतेई. उपासना संपता संपता बियाकसांगा गोड आवाजात म्हणाले, नवे पास्टर आता या बाळावर हात ठेवून प्रार्थना करतील. नवे पास्टर खाली उतरले. दारखुमी उभी राहिली, पण बाळ तिनं पुढे केलं नाही.

"याची प्रार्थना झालीये," ती म्हणाली. "अंगणात झालीये. तुम्ही सगळे होतात तिथं."

ती खाली बसली. आवाज चढवला नव्हता. कुणी मान वर केली नाही. बियाकसांगांनी घाईघाईनं पुस्तकातल्या शेवटच्या गाण्याचा क्रमांक सांगितला. वाजवणाऱ्यानं टिपरू उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. त्या दिवशी शेवटचं गाणं ढोलाशिवाय झालं, आणि ते फार वाईट झालं.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे ढोल शेवटी मुलांना म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. कातडं फाटलं तर फाटू दे. तुम्ही मोठे व्हाल, मतं द्याल, चर्चच्या नाहीतर देवळाच्या पंचांत बसाल, आणि कधीतरी तुमच्यासमोर कुणाचा तरी न्याय व्हायला येईल. तेव्हा तुम्ही जे कानांनी ऐकलंय ते उभं राहून सांगा. मला लाकडाचं अंग आहे, माझा नाइलाज होता. तुमचा कसला आहे?