तीनशे माणसांचा भात

मालक टॅडकाकांची मुलगी वकील झाली, हे आमच्या जेवणाच्या दुकानाचं दुर्दैव. बापाच्या जिभेला हाड नाही हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून नव्या स्वयंपाक्याच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने गल्ल्यामागे कागद चिकटवला: ‘काम देऊ करण्याआधी उमेदवाराला गुन्हा, खटला, तुरुंग यांबद्दल एक शब्द विचारायचा नाही. हवाईचा कायदा आहे. बाबा, हे तुमच्यासाठी.’ खाली बारीक अक्षरात, ‘वर्नामावशी, तुमच्यासाठीसुद्धा.’

वर्नामावशी म्हणजे मी. मला रागच आला. आमच्या हिलो गावात कोणी शिंकलं तर चार गल्ल्यांना कळतं, आणि इथं म्हणे विचारायचं नाही! सव्वीस वर्षं मी या दुकानात रांधतेय. माझ्या शेजारी सुरी घेऊन कोण उभं राहणार, ते मी विचारायचं नाही?

सकाळी सातला नैनोआ आला. पस्तिशीचा, दांडगा, फुलाफुलांचा सदरा कडक इस्त्री केलेला. बसायच्या आधीच म्हणाला, “काका, शुक्रवारपर्यंत काम मिळालं नाही तर मला ओआहू बेटावर जावं लागेल, चुलतभावाकडे, बांधकामावर. माझी पोरगी अकरा वर्षांची आहे. ती इथं आजीकडे राहील. नऊ ठिकाणी फिरलो.”

“आणि नऊच्या नऊ जणांनी का...” मी तोंड उघडलं, तोच काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

मग काकांनी घसा साफ केला आणि आम्ही हिलोकर कोणालाही नावाच्याही आधी जे विचारतो तेच सवयीने विचारलं. “कुठल्या शाळेतून पास झालास? कोणत्या साली?”

नैनोआचा चेहरा उतरला. “शाळा अर्धवट सुटली, काका. परीक्षा नंतर दिली. आत असता...”

“पुरे, पुरे.” काकांनी दोन्ही हात वर केले. “दुसरं सांग. स्वयंपाक कुठे शिकलास?”

“तिथंच.”

काकांनी डोळे मिटले. “अरे बाबा, तुला काहीही विचारलं तरी आपण त्याच दारात जाऊन उभे राहतो.”

“मग सरळ सांगूनच टाकतो ना.”

“नको. आधी मला ठरवू दे.”

हा तमाशा बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, “तोंडी परीक्षा बंद. ऊठ, भात करून दाखव. चार जणांपुरता.” खरं सांगते, मनात होतं की काहीतरी खोट निघेल आणि हे प्रकरण मिटेल.

तो आत गेला. मी भाजी चिरत होते. मागे वळून पाहते तर पठ्ठ्याने फळीवरचं सगळ्यात मोठं पातेलं उतरवलेलं, तांदळाची अख्खी गोणी रिकामी केलेली आणि कोपरापर्यंत हात घालून तांदूळ धुणं चाललेलं.

“कोणाचं लग्न आहे रे?”

तो पातेल्याकडे बघतच राहिला. “मावशी, चुकलंच. तीनशेच्या खाली कधी केलाच नाही मी. हात आपोआप तिकडेच जातो.”

दारात काका जोरजोरात खोकायला लागले, म्हणजे त्यांनी काही ऐकलंच नाही.

धुतलेले तांदूळ परत गोणीत थोडेच जाणार, सगळा भात शिजवावा लागला. आता एवढ्या भाताचं करायचं काय? मी तोंडाचा पट्टा सोडणार, तोवर त्याने ओल्या तळव्यांवर मीठ घेऊन मुसुबी वळायला सुरुवात केली. भाताचा एकेक गोळा मुठीएवढा, तीन कोनांचा, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. भात मऊ, पण शीत न् शीत वेगळं. मी खोट शोधत एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. साडेअकराला दुकानात भाताचं शीतही उरलं नव्हतं आणि माणसं अजून दारात उभी होती.

काका हात पुसत आत आले. “काम तुझं. पहाटे चारला यायचं.” मग चष्मा लावून त्यांनी भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. “आता विचारायची परवानगी आहे. विचारतो.”

मी नळ बंद केला. नैनोआ ताठ उभा राहिला. “अठ्ठाविसाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर बंदरावरच्या दुकानातून होड्यांची इंजिनं चोरली. तीन वर्षं आत होतो. त्यातली दोन स्वयंपाकघरात.” नऊ ठिकाणी हेच त्याने मान खाली घालून सांगितलं असेल. आज त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

काका गंभीर झाले. गुन्ह्याचा कामाशी संबंध असेल तर अजूनही शब्द मागे घेता येतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. “वर्ना,” ते म्हणाले, “इंजिनाचा आणि भाताचा काही संबंध?”

सकाळपासून हेच विचारायला माझी जीभ वळवळत होती. मला माझीच लाज वाटली. “काही नाही,” मी म्हटलं. “आणि शनिवारच्या मोठ्या ऑर्डरची दोनशे ताटं मी एकटी करणार नाही, सांगून ठेवते.”

“मग चारला ये,” काका म्हणाले.

नैनोआने मागच्या दारात जाऊन पोरीला फोन लावला. मी भांडी घासत होते, कान मात्र तिकडेच.

“मिळालं गं. नाही जात कुठे.” पलीकडून पोरीने काहीतरी विचारलं. त्याने बाहीने डोळे पुसले.

“हो, विचारलं ना,” तो म्हणाला. “पण आधी हो म्हणाले.”