आपल्याकडची कड

मुलं त्यांना पाठीमागे नियमबाई म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचंही. सगळी नोकरी पवनचक्क्यांच्या तपासणीत गेलेली. स्वतः मनोऱ्यावर चढून नट न् नट तपासल्याशिवाय सही करायची नाही, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांच्या पवनचक्की स्पर्धेचं परीक्षकपद गळ्यात पडलं आणि पहिल्याच वर्षी बाईंनी नियम असे आवळले, की मुलांपेक्षा शिक्षकच जास्त वचकून राहू लागले. मोठ्यांनी हात लावायचा नाही. परीक्षकांनी तर चूक दिसली तरी तोंडाला कुलूपच घालायचं. पहिल्या चाचणीनंतर प्रत्येक गटाला त्यांनी एकच प्रश्न विचारायचा, मग दुरुस्तीला थोडा वेळ आणि पुन्हा चाचणी.

चाचणी म्हणजे फार काही नव्हतं. सभागृहाच्या एका टोकाला मोठा उभा पंखा, त्याच्यासमोर मुलांची पवनचक्की. ती फिरली की आसावर दोरी गुंडाळली जायची आणि दोरीला टांगलेला खिळ्यांचा डबा वर चढायचा. सगळ्यात जड डबा उचलेल तो गट पहिला. दुसऱ्या-तिसऱ्याला नुसतं प्रमाणपत्र, पण पहिल्या गटाला समुद्रकाठच्या खऱ्या पवनचक्क्यांवर आठवडाभराचं शिबिर.

दुपारनंतर एका बहीणभावाचा गट पुढे आला. बहीण मोठी, शांत. भाऊ बडबड्या, त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली. त्यांची चक्की बघून बाईंचे डोळे निवले. लाकडाची चार पाती, सुरेख पिळाची, हात फिरवावा अशी गुळगुळीत.

पंखा सुरू झाला. चक्की थरथरली, कुरकुरली आणि जागच्या जागी थांबली. पंखा वाढवला, तर नुसती जास्त जोरात थरथरायला लागली.

"रुसली," शेजारी बसलेले भौतिकशास्त्राचे सर पुटपुटले. गोष्ट कुठलीही असो, सरांना विनोद सुचायचाच.

बाईंना मात्र एका नजरेत कळलं होतं. समोरासमोरची दोन पाती एका अंगाला ओढत होती, उरलेली दोन दुसऱ्या. एकाच दाराला दोघांनी दोन्हीकडून ढकलावं, तसं चाललं होतं. पीळच उलटसुलट.

"तू चुकीचं घासलंस, ताई," भाऊ कुजबुजला, पण त्याचं कुजबुजणं मागच्या रांगेपर्यंत पोचायचं.

"मी? आपलं ठरलं होतं तसंच घासलंय. तूच घोळ घातलास."

"एकत्र बसून बनवलेली दिसत नाही," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"नाही ना," भाऊ म्हणाला. "ताई आईकडे राहते, मी बाबांकडे. दोन तिनं केली, दोन मी. फोनवर ठरवून. आज पहिल्यांदाच जोडली. शिबिर मिळालं असतं तर आठवडाभर एकत्र राहिलो असतो."

"गप्प बस," बहीण म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

 बाईंनी सभागृहात नजर फिरवली. पहिल्या रांगेच्या एका टोकाला एक स्त्री ओढणीचं टोक चुरगळत बसली होती, दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मधल्या खुर्च्या रिकाम्या. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

बहिणीनं पाना उचलला. डाव्या हातानं. आणि बाईंना सगळा उलगडा झाला.

आता आली पंचाईत. सांगावं, तर स्वतःच घातलेला नियम मोडतो. न सांगावं, तर ही पोरं एकमेकांवर खापर फोडत दोन घरी जाणार आणि ते खापर तिथंच राहणार. कडक असणं आणि दगड असणं यात फरक आहे, हे बाईंनी स्वतःला जरा दटावूनच सांगितलं.

"माझा प्रश्न," त्या म्हणाल्या. "पातं घासताना कसं धरलं होतं? दोघांनी दाखवा."

भावानं जवळची एक लाकडी पट्टी पातं म्हणून उचलली, बुंधा डाव्या मुठीत धरला, टोक उजवीकडे, आणि उजव्या हातानं कानस चालवल्यासारखं केलं. बहिणीनं दुसऱ्या पट्टीचा बुंधा उजव्या मुठीत धरला, टोक डावीकडे. दोघं शेजारी उभी होती. पट्ट्यांची टोकं एकमेकांवर खाडकन आपटली.

"आपल्याकडची कड घासायची, असं ठरलं होतं," बहीण सावकाश म्हणाली. "मी माझ्याकडची घासली."

"मी पण." भावाचं तोंड उघडंच राहिलं. "ताई, तू डावखुरी आहेस!" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "मी विसरलोच. जेवताना आपली कोपरं आपटायची ना. आता आपटतच नाहीत, म्हणून विसरलो."

पहिल्या रांगेत मुलांच्या आईनं ओढणी तोंडाला लावली.

सर बाईंच्या कानाशी वाकले. "हा प्रश्न होता की उत्तर?"

"उत्तरच होतं. मी नियम मोडलाय. या गटाचा निकाल तुम्ही एकट्यानं द्या, मी बोट लावणार नाही."

सरांनी या वेळी विनोद न करता निकालाचा कागद स्वतःकडे ओढला.

तिकडे दोघं पाने घेऊन चक्कीला भिडली होती. एकाच पिळाची दोन पाती ठेवली तरी चक्की फिरली असती, हे दोघांनाही कळलं होतं. बोलली मात्र नाहीत. बहिणीनं घाईघाईनं पाती काढली, स्वतःची. भावानंही काढली, स्वतःचीच. मान वर करून बघतात तर खांबावर बोडका आस. सभागृहात हशा पिकला, आणि हसता हसता बाईंना चष्मा पुसावा लागला.

"तुझी लाव," भाऊ म्हणाला. "माझी एका बाजूला जाड झालीयेत."

बहिणीची दोन पाती चढली. चक्की इतर सगळ्यांच्या उलट्या दिशेनं, पण फिरली. डबा हलका होता, तरी टोकापर्यंत गेला. भावानं अशी आरोळी ठोकली, की जणू जहाजच उचललं.

शिबिर अर्थातच वेगळ्याच गटाला मिळालं. टाळ्या वाजवताना बहिणीचा चेहरा कोरडा होता. भाऊ आपली उरलेली दोन पाती पोटाशी धरून उभा होता. आईवडील दोन बाजूंनी आले आणि चक्कीच्या दोन बाजूंना थांबले. ती कुणाच्या घरी जायची, हे विचारायला कुणी धजेना.

बाईंनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "पुढच्या वर्षीपासून एक नवा नियम. गटातल्या सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसून काम करायचं. वेगवेगळ्या घरी केलेली पाती बाद."

"हे कधी ठरलं?" सरांनी विचारलं.

"आत्ता. तयारीला वर्ष आहे, उद्यापासून लागा."

 वडिलांनी चक्कीच्या खांबाचं एक टोक उचललं आणि, बाईंकडे नाही, मुलांच्या आईकडे बघून विचारलं, "टेबल कुणाकडचं?"

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पण लहान आहे. कोपरं आपटतील."

"आपटू देत," तो म्हणाला.