किरकोळ मोहिमा

"ही पाटी कुणी लावली?" सिस्टरनी विचारलं.

ग्रंथालयाचे चिटणीस शिडीवर चढून पदकांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाची फीत बांधत होते. "मीच. का हो?"

काचेच्या पेटीत सिस्टरनी जमवलेली पदकं होती आणि वर लिहिलं होतं, 'किरकोळ मोहिमा'. पेटीही दाराआड, छत्र्या ठेवायच्या जागेशेजारी. महायुद्धांची पदकं मात्र मधोमध, दिव्यांखाली.

"लोकांना मोठी युद्धं ठाऊक असतात, सिस्टर. त्यानंतरची ही डोंगरातली, बेटांवरची भांडणं कोण लक्षात ठेवतं? शब्दावर जाऊ नका."

सिस्टरची सगळी नोकरी लष्करी इस्पितळात गेली होती. त्या भांडणांतून आलेली पोरं त्यांनी वॉर्डात घेतली होती, काहींचे डोळे मिटले होते. वर्तमानपत्रात मात्र 'चकमक' एवढंच यायचं. निवृत्तीनंतर एकदा त्या साखळी सांधायला सोनाराकडे गेल्या, तर तो एक पदक आटवायच्या बेतात होता. कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं. त्यांनी ते विकत घेतलं आणि मग नादच लागला. जुना बाजार, भंगारवाले, काही सोडलं नाही. भावजय म्हणायची, "वन्सं, लोक दागिने जमवतात, तुम्ही मोड जमवता." सिस्टर हसून सोडून द्यायच्या. आज हसू येईना.

तेवढ्यात दारातून एक वयस्क बाई आत आली. पेटीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"बेटावरच्या लढाईचं पदक हेच ना? आमच्या ह्यांना मिळालं होतं. म्हणजे, ते गेल्यावर घरी आलं. दिरांनी मला न विचारता मोडीत घातलं. कडेला नाव होतं. बघता येईल?"

पदकं मखमलीवर टाचलेली होती, कडा दिसत नव्हत्या. किल्ली चिटणीसांच्या खिशात.

"आत्ता नाही जमायचं, बाई," ते शिडीवरूनच म्हणाले. "पाहुणे येतीलच इतक्यात. कार्यक्रम उरकला की बघू. एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी मांडलेलं विस्कटायचं म्हणजे..."

सिस्टर तडक शिडीपाशी गेल्या. आवाज मात्र चढला नाही. वॉर्डातही कधी चढत नसे.

"हिचा नवरा किरकोळ मेला का? थोडासा तिकडे मेला आणि उरलेला घरी आला, असं झालं का? खाली उतरा. किल्ली द्या."

खुर्च्या मांडणारे हातातलं काम सोडून बघत राहिले. चिटणीस उतरले. किल्ली दिली आणि पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

दोघी बाकावर बसल्या. सिस्टर एकेक पदक सोडवून हातात देत, बाई ते उजेडाकडे तिरकं धरून नाव वाचत. बेटावरची सगळी झाली. तिच्या नवऱ्याचं नाव त्यांत नव्हतं.

"नाहीये," ती म्हणाली. चष्मा काढून तिने डोळे पुसले.

"मी शोधत राहीन," सिस्टर म्हणाल्या. डोंगरातल्या लढायांची पदकं अजून मखमलीवरच होती. त्या पेटी लावायला उठल्या.

"थांबा," बाईने चष्मा पुन्हा चढवला. "राहिलेली पण द्या. ह्या शिपायांच्या घरचं कुणी आलेलं दिसत नाही."

दाराशी टाळ्या वाजल्या. पाहुणे फीत कापत होते. दोघी बसूनच राहिल्या. बाई एकेक नाव मोठ्याने वाचत होती.