मिस्त्रींचा खांदा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिना चढवेना, तेव्हा बायको आधी हसलीच. "जन्मभर लोकांना वर नेलंत, स्वतःची सवय मोडली!" मिस्त्रीही हसले. पायाला नुसत्या मुंग्या आल्यात म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांच्या हातातून पाना गळून पडला, आणि आठवडा सरायच्या आत ते अतिदक्षता विभागात पोचले. गळ्याला श्वासाची नळी, आणि अंगात हलणाऱ्या फक्त पापण्या आणि बुबुळं.

"शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध चालू आहे. बहुतेक माणसं यातून उठतात."

"बहुतेक म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे बहुतेक. खोटा शब्द मी देणार नाही. पण त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं. तेवढं लक्षात ठेवा."

बायको शिवणकाम करायची. बेतलेलं कापड तसंच टेबलावर टाकून ती भेटीच्या वेळेला येऊन बसू लागली. मुळाक्षरं म्हणायची, हवं ते अक्षर आलं की मिस्त्री डोळे मिटायचे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. अशा गप्पा चालायच्या. 'गार', 'कूस', 'पंखा' असे लहान लहान शब्द. सोबतीला मिस्त्रींची थोरली बहीण असायची. तिला अक्षरांपेक्षा अंदाज बांधायची हौस दांडगी.

एके दुपारी दोघी आत शिरतात तोच मिस्त्रींच्या पापण्या फडफडू लागल्या.

"ताई, यांना काहीतरी सांगायचंय! क... ख..."

डोळे मिटले.

"खायचंय!" नणंद ओरडली. "उपाशी आहे गं माझा बाळ्या!"

नाही.

"खोकला? खाज? खाजच असणार!" म्हणत तिने त्यांची पोटरी खाजवायलाही घेतली. पापण्या दोनदा मिटल्या, लगेच पुन्हा दोनदा.

"ताई, त्यांना बोलू द्या ना!"

"मग मी काय त्याचं तोंड धरलंय?"

बायकोने पुन्हा सुरुवात केली. ख, खा. हो. वर अनुस्वार? हो. मग एकेक अक्षर म्हणत ती 'द'पाशी आली आणि डोळे घट्ट मिटले.

"खांद... खांदा?"

हो!

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. "खांदा? अरे, असलं अभद्र कसलं बोलतोस! आम्ही का तुला खांदा द्यायला बसलोय इथे?" आणि तिला रडू कोसळलं.

बायकोच्याही मनात तेच आलं. निरोप तर घेत नाहीत ना? ती त्यांच्या उशाशी वाकली. "अहो, तुम्ही... कंटाळलात का?"

नाही. आणि मिस्त्रींनी छताकडे असे डोळे फिरवले, की हा माणूस मरायला टेकलेला नसून दोघींवर भयंकर वैतागलेला आहे, हे तिला लख्ख कळलं.

"दुखतोय?"

नाही.

"मग... बघू का?"

हो! हो! हो!

तिने चादर ओढली, अंगरखा बाजूला सारला. उजवा खांदा अगदी निपचित होता. नणंदेने हुंदका गिळला. मग कातडीखाली काहीतरी थरथरलं आणि खांदा वर उचलला गेला. इवलासा. खाली पडला, पुन्हा उचलला.

"सिस्टर! अहो सिस्टर, धावा! हलला! यांचा खांदा हलला!"

सिस्टर धावल्या, मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खांद्यावर बोटं टेकवली. "करा पाहू पुन्हा." मिस्त्रींनी केलं. नेहमी तोलूनमापून बोलणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून "अरे वा!" निसटलं. मग त्या सावरल्या. "सुरुवात झाली. पुढे किती, कधी, ते अजूनही सांगता येणार नाही."

"नका सांगू!" बायको हसत होती, डोळे पुसत होती. "हे सांगतील ना आता!"

नणंद तर बाहेर पळाली. बाकावर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाला तिने गदागदा हलवलं. "आमच्या बाळ्याने खांदा उडवला!" गृहस्थांना काही कळलं नाही, पण तेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

पुढचं सोपं गेलं नाही. मध्येच ताप आला आणि मिळवलेलं अर्धं गमावून बसले. पुन्हा पहिल्यापासून. पण कोपर वळलं, मान धरली, आणि एका सकाळी गळ्यातली नळी निघाली. सगळे श्वास रोखून उभे. मिस्त्रींनी ओठ ओले केले, बहिणीकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ताई... जरा... गप्प बस."

"ऐकलंत? मला गप्प बस म्हणाला!" नणंद आनंदाने किंचाळली आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिली.

आता ते काठी घेऊन चालतात. डाव्या हाताची बोटं अजून स्क्रू धरत नाहीत. धरतील की नाही, कोणी सांगत नाही. परवा बायकोने नव्या विजारीचं माप घेतलं. भिंतीला टेकून उभे राहिले, पाय लटपटत होते.

"सरळ उभे राहा."

"राहतोय की!"

कंबरेचं माप फारच उतरलं होतं. तरी तिने शिवणीत बोटभर कापड जास्त सोडलं.